सुइझेन्जीचं तळं एका रात्रीत आटलं आणि मग भरलं. जमीनही अशीच भरून येते का?

किकुयोची_सई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. आमच्याकडे फडताळातली भांडी आपोआप किणकिणली तर कुणी दचकत नाही. "आला वाटतं" म्हणायचं आणि पुढची भाकरी थापायची. तरी लग्नानंतर फिरून फिरून येऊन पडले ते जपानात, क्यूशू बेटावर, कुमामोतो शहराला लागून असलेल्या किकुयो गावात. नवरा चिपच्या कारखान्यात, मी घरून अनुवादाची कामं करते.

शहरात सुइझेन्जी नावाची बाग आहे. सतराव्या शतकात इथल्या होसोकावा सरदारांनी केलेली. मधोमध मोठं तळं, काठावर फुजी पर्वताच्या आकाराची गवताची टेकडी. तळ्यात कुठलीही नदी आणून सोडलेली नाही. आसो ज्वालामुखीच्या बाजूने जमिनीखालून आलेलं पाणी इथे उमाळ्यांनी वर येतं. नुसतं हे तळंच नाही, सगळ्या कुमामोतो शहराचं पिण्याचं पाणी जमिनीखालचं आहे. सात लाखांवर वस्ती आणि धरणाचं पाणी पिण्यात नाही, हे मला आल्यावर खरंच वाटेना.

तर शेजारच्या आजी (ऐंशीच्या पुढच्या, रोज सकाळी माझ्या लेकाला काकडी देतात) परवा तळ्याकाठी सांगत होत्या. १४ एप्रिल २०१६ ला रात्री मोठा धक्का झाला. लोकांना वाटलं झालं ते झालं. मग १६ तारखेला रात्री १ वाजून २५ मिनिटांनी त्याहून मोठा आला, ७.० चा. त्यानंतर ह्या तळ्यातलं बहुतेक पाणी गेलं, तळाचा चिखल उघडा पडला. महिनाभराने पाणी आपलं आपण परतलं. आजी हे "मांजर रुसून गेलं होतं, आलं परत" अशा सुरात सांगतात.

मला माझी आजी आठवली. ती म्हणायची, सदुसष्टच्या भूकंपानंतर आमच्या वरच्या वावरातला झरा मुका झाला आणि दोन वर्षांनी जरा खालच्या अंगाला फुटला. "जमिनीला मुका मार बसलाय, वेळ लागतो," असं तिचं म्हणणं.

मला विचारायचंय ते असं. जमिनीला खरंच मार बसतो का, आणि तो भरून येतो का? इथल्या एका प्रदर्शनात फलक वाचला, की भूकंपानंतर जमिनीतला "लहरींचा वेग" कमी झाला आणि नंतर हळूहळू पूर्ववत होऊ लागला. जपानी मला वाचता येतं, पण हे वाचूनही कळलं नाही. आणि शेवटचं, स्वार्थाचं: दहा वर्षं झाली, आता आमच्या भाड्याच्या घराखालची जमीन "बरी" आहे असं समजू का?

---

औसेकर

सईताई, मी तज्ज्ञ नाही, फक्त गिऱ्हाईक. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून आलेलो, मी नऊ वर्षांचा. आमचं गाव किल्लारीपासून सायकलने जाता येईल एवढ्यावर. आमच्या बोअरला चार-सहा दिवस ताक घुसळल्यासारखं पाणी येत होतं, मग निवळलं. वडील म्हणाले जमीन शांत झाली. पण तेच वडील पुढे अकरा वर्षं पत्र्याखाली झोपले, दगडमातीच्या घरात गेले नाहीत. तेव्हा जमीन माणसाच्या आधी बरी होते एवढं मी सांगू शकतो. बाकी जाणकारांनी सांगावं, मलाही ऐकायचंय.

---

काजळीकागद

सई, तुझ्या आजीला कुणीतरी भूगर्भशास्त्राची पदवी द्यायला हवी होती. मुका मार हा शब्द आमच्या अहवालांत असता तर लोकांनी ते वाचले असते.

आधी माझी ओळख. एका वेधशाळेत ३१ वर्षं तांत्रिक सहाय्यक. शास्त्रज्ञ नव्हे, त्यांची यंत्रं चालू ठेवणारा. नोकरीची पहिली वर्षं कोयना खोऱ्यात गेली. तेव्हा भूकंपमापकाला काजळीचा कागद असायचा. रॉकेलच्या धुरावर कागद काळा करायचा, नळकांड्यावर गुंडाळायचा, सुई त्यावर पांढरी रेघ ओढत जायची. दिवसाने उतरवायचा आणि लाखेच्या पाण्यात बुडवून पक्का करायचा. बोटं कायम काळी. बायको म्हणायची कोळशाच्या वखारीत कामाला आहात का.

आता वेग. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. खडकाचंही तेच. अखंड खडकातून कंपन झपझप जातं. बारीक चिरा वाढल्या, कणांची एकमेकांवरची पकड ढिली झाली, की ते रेंगाळतं. फलकावरचा "वेग कमी झाला" म्हणजे माठ बद्द वाजू लागला.

पण रोजच्या रोज टिचकी मारणार कोण? सुरुंग उडवून बघता येतं, पण गावाखाली रोज सुरुंग कोण उडवू देईल? टिचकी मारतो समुद्र. लाटा किनाऱ्यावर आणि एकमेकींवर आपटतात, त्याची बारीक घुंघुं जमिनीतून अष्टौप्रहर चालू असते. आमच्या काळात ही घुंघुं म्हणजे वैरीण. जून-जुलैत अरबी समुद्र खवळला की कागदावरची रेघ सुतळीसारखी जाड व्हायची आणि बारके धक्के तिच्यात बुडून जायचे. आम्ही तिला शिव्या घालायचो. नंतरच्या पोरांनी त्याच घुंघुंचं सोनं केलं. दोन ठिकाणची दोन यंत्रं घ्यायची, दोघांच्या नोंदी एकमेकींशी ताडायच्या. दोन्हीकडे सारखी दिसणारी घुंघुं किती उशिराने दिसते, त्यावरून एका जागेहून दुसऱ्या जागी कंपन जायला लागणारा वेळ निघतो. हे रोज करत राहायचं. भूकंपानंतर हा वेळ किंचित वाढतो, आणि तो फरक किंचित म्हणजे इतका किंचित, की टक्क्याचाही छोटा हिस्सा. तुमच्या कुमामोतोच्या भूकंपात असा फरक फुतागावा आणि हिनागु ह्या दोन फॉल्टच्या (फॉल्ट म्हणजे खडक तुटून जिच्यावर सरकतो ती खोल भेग) पट्ट्यात दिसला आणि आसोच्या आसपासही. पुढच्या महिन्यांत वेग हळूहळू वर आला. फलकावर तेच लिहिलं असणार.

इथे एक गैरसमज होतो. लोकांना वाटतं, मोडलं ते फक्त फॉल्टवर. माशिकी गावाजवळ शेतात जमीन दोन मीटरच्या वर आडवी सरकली, बांध तुटून बाजूला गेले, ते फॉल्टचं काम. पण वेग पडतो तो मोठ्या प्रदेशात, कारण नुसत्या हादऱ्यानेही वरचे काहीशे मीटर सैल होतात. खोल खडकावर वरच्या सगळ्याचा भार असतो, तो दाबून धरलेला असतो. वरचा खडक मुळातच झिजलेला, चिरलेला, पाणी मुरलेला. पोत्याच्या तळाशी हात घालून बघ आणि तोंडाशी घालून बघ, कुठले दाणे हलतात.

आणि भरून येण्याची तऱ्हा गमतीशीर आहे. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढी भर पडते, साधारण तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत, आणि तेवढीच पुढे हजाराव्यापर्यंत. म्हणजे सुरुवातीला घाईघाईने आणि मग जन्मभर रेंगाळत. वाळूच्या दगडाचा तुकडा प्रयोगशाळेत ठोकला तरी तो ह्याच चालीने सावरतो. कणाला कण जिथे टेकतो त्या सुईच्या टोकाएवढ्या जागा हळूहळू रुंदावतात, चिकटतात. जिथे सहज जमतं तिथे लगेच, जिथे अवघड तिथे उशिरा.

ह्या चालीची एक जुनी बहीण आहे. १८९१ साली जपानातच, नोबी भागात, प्रचंड भूकंप झाला. ओमोरी नावाच्या तरुण अभ्यासकाने त्याच्या मागून येत राहिलेले धक्के मोजले आणि १८९४ मध्ये मांडलं, की धक्क्यांची रोजची संख्या दिवसांच्या उलट प्रमाणात घटते. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहावा हिस्सा, शंभराव्या दिवशी शंभरावा. ह्याची बेरीज करून बघ, पुन्हा तेच: एक ते दहा दिवसांत जेवढे, तेवढेच दहा ते शंभरात. त्या भूकंपाची शेपटी शंभर वर्षांनंतरही त्याच नियमाने मोजली गेली. मी काजळीच्या कागदावर धक्के मोजताना हा नियम रोज पाहिलाय आणि दर वेळी मला तो थोडा भीतिदायक वाटलाय. कुणी न सांगता एवढी शिस्त.

आता तळं. इथे तुझ्या शेजारच्या आजींचं मांजर मला पुरतं मान्य नाही. मांजर परत आलं खरं, पण तेच आलं की दुसरं, हा प्रश्न आहे. कुमामोतोत जमिनीखालच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या विहिरी भरपूर आहेत. सगळं शहर त्या पाण्यावर असल्यामुळे जगात क्वचित कुठे असेल एवढा पहारा. मोठ्या धक्क्यानंतर पहिल्या ३५ मिनिटांत काही विहिरींची पातळी खाली गेली, जास्तीत जास्त ४.७४ मीटर. शहराखाली जमीन ताणली जाऊन नव्या भेगा उघडल्या होत्या, पाणी त्यांत उतरलं. अंदाज दहा लाख घनमीटरच्या घरातला. सुइझेन्जी त्याच पट्ट्यात येतं.

पाणी परतलं म्हणून त्या भेगा मिटल्या, असं मात्र नाही. भेग भरली की पाणी वर राहणारच, हंडा भरल्यावर नळाचं पाणी ओसंडतं तसं. शिवाय वरून जास्तीचं पाणी आलं. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनचे जड-हलके अणू मोजून तिथल्या अभ्यासकांनी दाखवलं, की डोंगराच्या पोटातलं, उंचावर पडलेल्या पावसाचं पाणी भूकंपानंतर खाली उतरलं. हादऱ्याने डोंगरातल्या वाटा मोकळ्या झाल्या. कॅलिफोर्नियात १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतरही असंच दिसलं: खालच्या ओढ्यांना पाणी वाढलं आणि वर डोंगरावर राहणाऱ्यांच्या विहिरी खाली गेल्या. तुझ्या आजीचा झरा वरच्या वावरातून खालच्या अंगाला गेला, त्याचीही गोष्ट कदाचित हीच. एका झऱ्यावरून पैज लावणार नाही, पण दिशा बरोबर आहे.

मग भेगा मिटतात का, हे कळणार कसं? ह्यावर मला सगळ्यात आवडलेला प्रयोग चीनमधला आहे. १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपानंतर सहा महिन्यांच्या आत त्यांनी फॉल्टमधून आरपार १,२०० मीटर खोल भोक पाडायला घेतलं आणि पुढे त्यात पाण्याची पातळी बघत बसले. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते. खडक किंचित आवळतो, किंचित पसरतो, आणि बंद विहिरीतलं पाणी दिवसातून दोनदा काही सेंटिमीटर वरखाली होतं. भेगा मोकळ्या असतील तर पाणी चंद्राच्या मागोमाग लगेच हलतं. भेगा बुजत गेल्या तर ते उशीर करू लागतं. २०१० आणि २०११ मध्ये त्यांना दिसलं, की हा उशीर वाढत चाललाय, फॉल्ट मिटतोय. आणि मधेच कुठे दूरदेशी मोठा भूकंप झाला, त्याचे मंद तरंग इथवर पोचले, की मिटलेलं पुन्हा थोडं उघडायचं. खपली धरलेल्या गुडघ्यावर पोरगं पुन्हा आपटावं तसं. कोयनेच्या बोअरांत भरती-ओहोटी दिसते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला यंत्र बिघडलंय असं वाटलं होतं. दोन दिवस तार तपासत बसलो.

शेवटी खरं शिवणकाम खनिजांचं. भेगेतून पाणी फिरतं, त्यात विरघळलेलं चुना-सिलिका भिंतीला बसत जातं. हे बघायला जपानला जायला नको. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांच्या गाठी सापडतात, झिओलाइट आणि गारा. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्या पाण्याने भरून काढल्याची ती निशाणी. त्याला लागलेला काळ आपल्या हिशेबात बसत नाही.

आणि आता जे तुला आवडणार नाही ते. "बरी झाली" म्हणजे निर्धास्त झाली असं नव्हे. फॉल्टची पकड परत आली म्हणजेच तो पुन्हा ताण साठवायला लायक झाला. ढिला, गुळगुळीत फॉल्ट ताण धरूच शकत नाही. माठाचा नियम इथे संपतो.

तुझ्या घराचं वेगळं. तिथे दहा वर्षांपूर्वीच्या माराने फार फरक पडत नाही. घराखाली मऊ गाळ आहे की घट्ट थर, आणि घर कधी बांधलं, हे विचार. जपानने लाकडी घरांचे नियम २००० साली कडक केले, आणि माशिकीत त्यानंतर बांधलेली घरं जुन्यांपेक्षा कितीतरी चांगली टिकली. नगरपालिकेत नकाशा मिळतो, भाषा येतेच तुला. डोंगरउताराशी राहत असशील तर मात्र भूकंपानंतरची पहिली काही वर्षं खरंच धोक्याची असतात. उतार ढिला झालेला असतो आणि पावसाळा थांबत नाही. तिथे जून २०१६ च्या पावसात पुन्हा दरडी आल्याच होत्या.

फार झालं. डोळे दुखतात आता स्क्रीनवर.

---

किकुयोची_सई

काका, मी हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, आमच्या कारखान्यात कंपनं मोजायला एवढी यंत्रं आहेत आणि इतकं सरळ कुणी सांगितलं नाही.

घर २००६ चं निघालं. सपाटीवर आहे, उतार लांब. एक शंका: वेग "पूर्ववत" झाला असं आपण कधी म्हणायचं? किल्ल्याला निदान तारीख आहे. इथल्या किल्ल्याच्या तटबंद्या ढासळल्या होत्या, मधला मनोरा २०२१ मध्ये लोकांना आतून बघायला उघडला, पण पूर्ण दुरुस्तीला २०५२ उजाडेल म्हणतात. जमिनीची तारीख कुठली?

---

गोंगाटप्रेमी

काकांच्या उत्तराला हात लावायला भीती वाटते, पण मी सध्या हीच घुंघुं घेऊन पीएचडी करतेय, तेव्हा दोन गोष्टी.

एक: ओला माठही बद्द वाजतो! पाऊस मुरून भूजल वर आलं की चिरांतला दाब वाढतो आणि वेग कमी होतो, भूकंप झालेला नसतानाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा वाढतो. त्यामुळे आलेखात वर्षाची लाट असते आणि तिच्यावर भूकंपाची उडी बसलेली असते. कुमामोतोत एप्रिलमध्ये भूकंप आणि जूनमध्ये धो धो पाऊस, म्हणजे पहिल्याच दोन महिन्यांत दोन्ही एकमेकांत मिसळले. आधीच्या अनेक वर्षांची नोंद हाताशी नसेल तर "जमीन बरी होतेय" आणि "जमीन वाळतेय" ह्यांत फरक करता येत नाही. माझी अर्धी पीएचडी ह्या एका वाक्यात आहे. उरलेली अर्धी, यंत्राचं घड्याळ बिघडलं होतं की काय, हे शोधण्यात.

दोन: सईताईंची तारीख. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला २८ सप्टेंबर २००४ ला ६.० चा भूकंप झाला. वेग ०.०८ टक्के पडला आणि सावरायला काही वर्षं गेली, तीही भूकंपानंतर फॉल्ट जसा सावकाश सरकत राहिला त्याच चालीने. उलट ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपानंतर जपानच्या ईशान्य भागात अगदी वरच्या काहीशे मीटरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास घट दिसली. म्हणजे किती खोलवर बघता त्यावर सगळं. वर घट मोठी, खाली बारीक, आणि वरची लवकर भरते की खालची, ह्यावर माझ्या मार्गदर्शकांशी माझं एकमत नाही, तेव्हा इथे गप्प बसते.

आणि कधी कधी तारखेपर्यंत पोचूच दिलं जात नाही. कॅलिफोर्नियातच २८ जून १९९२ ला लँडर्सचा मोठा भूकंप झाला. १९९४ ते १९९६ मध्ये पुन्हा पुन्हा छोटे स्फोट करून पाहिलं तर फॉल्टच्या वरच्या भागातला वेग वाढत होता, टक्का-सव्वा टक्का. सगळे खूश. १६ ऑक्टोबर १९९९ ला शेजारी हेक्टर माइनचा भूकंप झाला आणि लँडर्सचा भरत आलेला फॉल्ट नुसत्या हादऱ्याने पुन्हा मऊ पडला. तो स्वतः सरकलाही नव्हता.

काका, मला लाखेच्या पाण्यात बुडवलेला तो कागद एकदा बघायचाय.

---

एक_शंका

सगळं ठीक. पण वेग कमीजास्त होताना दिसतो तर पुढचा भूकंप आधी सांगता येईल ना? का हे सगळं मेल्यावर नाडी बघण्यासारखं?

---

काजळीकागद

शंका, नाही सांगता येत. पार्कफील्डचंच घ्या. तिथे १८५७ पासून साधारण बावीस वर्षांनी एक असे भूकंप होत आले होते, म्हणून १९९३ च्या आत पुढचा होणार असं धरून दऱ्याखोरी यंत्रांनी भरली. आला २००४ ला. त्याआधी त्या यंत्रांना ठळक असं काही दिसलं नाही. नाडी नंतर बघतो कारण नंतरच काहीतरी शिकायला मिळतं. तुमच्याकडे दुसरा उपाय असेल तर सांगा, मी निवृत्त आहे, वेळ आहे.

गोंगाटप्रेमी, ओल्या माठाचं एकदम कबूल. माझ्या लक्षात यायला हवं होतं. कोयनेत तर धरणच दर पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात उतरतं, सारा प्रदेश दर वर्षी ओला-कोरडा होतो, आणि धक्क्यांची संख्याही त्या चढउताराबरोबर वरखाली होते. १९६२ पासून हे चाललंय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या ६.३ नंतर पाचच्या वरचे वीसहून जास्त होऊन गेले. सई, म्हणून तुझ्या माहेरच्या जमिनीला तारीख नाही. तिथे खपली धरायला निवांतपणाच मिळत नाही. ह्याच कारणासाठी तिकडे खोल भोकं पाडलीत. त्यातलं गोठणे गावाजवळचं २०१७ मध्ये ३ किलोमीटरवर गेलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा दगड संपून खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. किल्लारीला तोच काळा दगड ३३८ मीटरवर संपतो. औसेकर, तुमच्या बोअरचं ताक मात्र बहुधा खालच्या खडकातलं नसावं. भेगांच्या भिंतींवरची माती हादऱ्याने सुटते आणि चार दिवस गढूळ येते. कुमामोतो शहरालाही गढूळपणामुळे विहिरी थांबवाव्या लागल्या होत्या.

कागद माळ्यावर आहेत. सुनेला रद्दी वाटते. उतरवून फोटो टाकतो.

---

औसेकर

काका, वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "भिंतीची माती सुटली म्हण, म्हणजे आमच्या घरासारखंच की."

---

किकुयोची_सई

सगळ्यांचे आभार. तारीख नाही हे समजलं, आणि का नाही तेही.

आज सासूबाईंना घेऊन ओझूच्या बाजूला गेलो होतो. त्या महिन्यासाठी आल्यात. शिराकावा नदीच्या मधल्या पट्ट्यातल्या शेतांतून मुरलेलं पाणीच पुढे शहराच्या विहिरींना आणि सुइझेन्जीला मिळतं. भाताची लागवड कमी होत गेली तसं मुरणं कमी झालं, म्हणून २००४ पासून ज्या शेतांत भात नसतो त्यांत उन्हाळ्यात नुसतं पाणी सोडून ठेवायला शहर शेतकऱ्यांना पैसे देतं. चिखलणी नाही, रोपं नाही, काही नाही. बांधापर्यंत पाणी, त्यात ढग, आणि काठावर एक पाटी.

सासूबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पेरायचं विसरले का गं हे?"

मी सांगितलं, पाणीच पेरलंय. त्या म्हणाल्या, "मग उगवायला किती दिवस?" साधारण वीस वर्षं लागतात असं इथे सांगतात, तेवढं मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले आणि चप्पल काढून बांधावर पाय पाण्यात सोडून बसल्या.

काका, फोटो टाकाल तेव्हा कागदावर तारीख दिसेल असा टाका.